दगडी दारातली बाई

१

फानांच्या घरी एक माणूस मेला होता आणि एक बाई हरवली होती. मेलेले म्हातारे फान आतल्या खोलीत लाकडी पेटीत शांत पडून होते, त्यांची कुणाला चिंता नव्हती. सगळा आरडाओरडा चालला होता तो बाईचा. आणि ती बाई दगडाची होती.

म्हाताऱ्यांनी जिवंतपणीच गंग पाथरवटाकडून स्वतःसाठी दगडी शवपेटी कोरून घेतली होती. लाकडी पेटी आत ठेवायची आणि वर दगडी झाकण घालायचं, अशी. एका बाजूला नागमोडी ड्रॅगन, दुसऱ्या बाजूला वाघ, मध्ये आईबापांसाठी जीव टाकणाऱ्या मुलांच्या कथा, कडेनं मोठमोठी फुलं. आणि समोरच्या दगडी फळीवर दोन झडपांचं दार. त्यातली एक झडप किंचित उघडी, आणि त्या फटीतून अर्धी बाहेर येऊन बघणारी एक बाई. आमच्याकडे सगळ्याच चांगल्या पेट्यांवर ती असते. ती कोण, हे कुणी विचारत नाही.

मेलेल्याचा आत्मा एक दिवस घरी परत येतो. तो दिवस मा नावाचे ज्योतिषी काढून देतात, आणि त्या दिवशी घरातल्या झाडून सगळ्यांनी बाहेर जायचं असतं. अंगणभर राख पसरून ठेवायची, म्हणजे आत्म्याशिवाय दुसरं कुणी आलं तर ते पावलांवरून कळतं. फान मंडळी देवळात जाऊन राहिली, सकाळी परतली. राखेवर चिमणीचंसुद्धा पाऊल नव्हतं. आणि अंगणातल्या दगडी पेटीवरचं दार बंद झालं होतं. दोन्ही झडपा घट्ट मिटलेल्या. बाई गायब.

मी तिआन. सुईण आहे. तालुक्यातली अर्धी माणसं माझ्या हातांवर जगात आली, आणि कचेरीला एखाद्या बाईला काही विचारायचं असलं की मलाच बोलावणं येतं. आमचे दंडाधिकारी स्यु साहेब तरुण आहेत, नवीन आहेत, आणि माणूस म्हणून वाईट नाहीत. त्या दिवशी त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"तिआन मावशी, फानांच्या थोरल्या मुलानं गंग पाथरवटावर करणीचा आरोप केलाय," ते म्हणाले. "म्हणे, त्यानं बापाच्या आत्म्याचं दार बंद केलं, आता वंश बुडणार. मूर्ती किंवा चित्र वापरून करणी केली तर शिक्षा फासाची आहे."

"आणि गंग काय म्हणतो?"

"काहीच नाही. नाकबूलही करत नाही. नुसता खाली मान घालून बसलाय. परवा दफन आहे. त्याच दिवशी मला त्याला वरच्या कचेरीत पाठवावं लागेल. तू आतल्या बायकांना विचारून बघ."

गंगला मी तरुणपणापासून ओळखत होते. त्यानं माझ्या नवऱ्याच्या थडग्याचा दगड कोरला तेव्हा जेवणाशिवाय काही घेतलं नव्हतं. तो करणी करील यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण निर्दोष माणूस गप्प का बसेल, हे काही मला उमजेना.

२

थोरला फान चुन अंगणात जाड्याभरड्या सुतकी कपड्यांत येरझाऱ्या घालत होता. मला बघून त्यानं नाक मुरडलं.

"सुईण कशाला? इथं कोण बाळंत होतंय?"

"कुणी नाही, मालक. बाई हरवलीय म्हणून आले. बायका शोधायची सवय आहे मला."

"त्या गंगनं रात्रीतून छिन्नी मारून तिला काढलंय, दुसरं काय! मी तेव्हाच बाबांना म्हटलं होतं, मोठ्या शहरातला कारागीर आणा. पण मी पडलो व्यापारानिमित्त बाहेरगावी, घरात विचारतो कोण!"

"घरात आजारी कुणी आहे का? औषधाचा वास येतोय."

"धाकट्याची पोरगी. ताप येतो, जातो. पोरगीच तर आहे." त्यानं हात झटकला. "धाकटा सरहद्दीवर धान्याच्या गाड्यांबरोबर गेलाय. त्याच्या बायकोनं आईकरवी निरोप पाठवला होता, पेटीचं तोंड दुसरीकडे फिरवा, पोरगी घाबरते म्हणून. बापाच्या पेटीचं तोंड एका पोरीसाठी फिरवू?"

"तुम्ही तिच्याशी बोललात?"

"धाकट्या भावाच्या बायकोशी? मी रीतीनं वागणारा माणूस आहे. सहा वर्षं झाली तिला या घरात येऊन, तिचं तोंडसुद्धा मी धड पाहिलेलं नाही."

हे त्यानं अशा ताठ्यानं सांगितलं की मला हसू आवरावं लागलं.

थोरल्या मालकीणबाई, म्हणजे म्हाताऱ्यांच्या विधवा, शेगडीपाशी बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ शाबूत.

"आमचे हे हट्टी," त्या म्हणाल्या. "आधी नुसतं बंद दार कोरून घेतलं. म्हणाले, मला शांतता हवी. मग शेजारच्या लोउंच्या पेटीवर बाई पाहिली, झालं! यांनाही बाई हवी. मेल्यावरसुद्धा शेजाऱ्याच्या मागे राहायचं नाही!"

"मग नवा दगड आणला?"

"कुठला नवा! गंग म्हणाला, हाच चालेल. मागच्या अंगणात बसून ठोकत होता बिचारा. दुपारी आमची धाकटी सून त्याला पेज द्यायची."

स्वयंपाकघरात स्वयंपाकीण चाओ बाई मांटो, म्हणजे कणकेचे पाव, वाफवत होती. तिला बोलतं करावं लागत नाही, थांबवावं लागतं.

"अगं तिआन मावशे, मला तर त्या दगडीबाईकडे बघून सारखं वाटायचं, हिला कुठंतरी पाहिलंय!"

"तुला देवळातल्या मूर्तीसुद्धा चुलत बहिणी वाटतात."

"हस, हस! पण पहिल्या दिवसापासून अपशकूनच ना. फळी मागच्या अंगणातून आणताना हमालांनी मधल्या दरवाज्याला धडकवली. विहिरीकडचा खालचा कोपरा उडाला. थोरल्या मालकांनी त्यांना असं झापलं की माझ्या हातातला झारा पडला. तो टवका मी उचलून विहिरीच्या काठावर ठेवला, अजून तिथंच आहे."

"राख कुणी पसरली?"

"धाकट्या सूनबाईंनी. घरातल्या धाकट्या बाईचंच ते काम. पोरीला आम्ही पुढं नेलं, त्या काढा उकळून मागून आल्या."

३

मग मी पेटीपाशी गेले. झाकण अजून बाजूला ओंडक्यांवर होतं, आणि ते चढवायला गंगनं उभी केलेली तिकाटणी दोर-कप्पीसकट तशीच उभी होती.

मी बंद दारावर तळहात फिरवला. छिन्नीनं बाई काढली असती तर तिथला दगड खोल गेला असता. पण दाराच्या झडपा चौकटीच्या बरोबरीनं वर होत्या. खाचांमध्ये जुनी धूळ घट्ट बसली होती. अंगणात दगडाचा चुरा नव्हता, आणि भिंतीपलीकडच्या लोउंनी ठोकल्याचा आवाज ऐकला नव्हता. हे दार त्या रात्री कोरलेलंच नव्हतं. ते कितीतरी आधीचं होतं.

मग मी खाली वाकून उडालेला कोपरा शोधला. विहिरीकडचा कोपरा धडधाकट होता. फुटका कोपरा स्वयंपाकघराच्या बाजूला होता.

मी विहिरीवरचा टवका आणला आणि त्या जागी लावून पाहिला. नेमका बसला. म्हणजे फळी तीच होती. उजवीकडची डावीकडे गेली होती, एवढंच. मी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. म्हाताऱ्यांनी आधी करून घेतलेलं नुसतं दार गंगनं खोडलं नव्हतं. त्यानं फळी उलटी करून कोऱ्या पाठीवर बाई कोरली होती. आता कुणीतरी फळी पुन्हा उलटवली होती. बाई कुठं गेली नव्हती. ती आतल्या बाजूला, अंधारात उभी होती.

तिकाटणी असली तरी एकट्याचं हे काम नव्हतं. एकानं दोर ओढायचा, दुसऱ्यानं फळी फिरवून खाचेत सोडायची. पण मग राखेचं काय? दोन माणसं आली, घाम गाळून गेली, आणि पाऊल उमटलं नाही?

मी फळीच्या पायथ्याची राख बोटानं बाजूला सारली. खाली चुन्याचे ताजे थेंब पडले होते. फळी बसवताना सांध्यात भरतात तो चुना. राखेवर नव्हे, राखेखाली.

आधी फळी उलटली होती, मग राख पसरली होती. आणि राख पसरणारं माणूस कोण, हे चाओ बाईनं मला मांटो वाफवता वाफवता सांगून टाकलं होतं.  सुनेनं सासऱ्याच्या पेटीला हात लावला तर त्यालाही कायद्यात फासच आहे.

४

धाकटी सून रुइनियांग मुलीच्या उशाशी बसली होती. चार वर्षांपूर्वी मानमानला मीच तिच्या पोटातून ओढून काढलं होतं, पायाकडून येत होती कार्टी. आता ती गोधडीत एवढीशी दिसत होती. खिडकीतून समोर पेटीचं तोंड स्पष्ट दिसत होतं.

मी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हटलं, "पोरी, चुना राखेखाली सापडला मला."

तिनं नाही म्हटलं नाही. ती जमिनीवर बसली आणि तोंडात बाहीचा बोळा कोंबून रडली. मुलगी जागी होईल म्हणून रडण्याचाही आवाज तिनं बाहेर येऊ दिला नाही. मला तिचा राग यायला हवा होता, पण मला भडभडून आलं.

"मावशी, ती बाई मानमानला न्यायला आली होती," ती म्हणाली. "पेटी अंगणात आणली त्या दिवसापासून ताप चढला. मी हिच्याजवळ बसलेली असायचे, माझा हात हिच्या कपाळावर, आणि ही खिडकीतून बघून म्हणायची, 'आई दारात उभी आहे. आई बोलावतेय.' मावशी, मी इथं होते! ते जे काही होतं ते माझं रूप घेऊन माझ्या पोरीला बोलावत होतं!"

"म्हणून गंगला सांगितलंस?"

"दोर तपासायला आला होता तेव्हा दाराआडून विनवलं. त्याला पोरीचं बोलणं सांगितलं.  तो म्हणाला, घर रिकामं असेल त्या दिवशी मागच्या दारानं येतो. दोर मीच धरला होता. पण डोळे मिटून. तिच्याकडे बघायची माझी छाती नव्हती, आधीही कधी धड पाहिलं नाही."

"आणि आता तो तुझ्यासाठी फासावर जाणार."

"मला माहितीय ते!" तिनं कपाळ जमिनीवर आपटलं. "रोज ठरवते, जाऊन सांगावं. मग वाटतं, मी गेले तर हिचं कोण? बाप सरहद्दीवर. भावोजींना ही डोळ्यांसमोर नको. सांग ना मावशी, काय करू? एक शब्द बोलले तर माझी पोर मरते, नाही बोलले तर तो म्हातारा मरतो."

 तेवढ्यात मानमान जागी झाली. तापानं लाल झालेल्या डोळ्यांनी तिनं खिडकीबाहेर पाहिलं आणि तिचा ओठ थरथरला.

"आई दारातून का गेली?" ती म्हणाली.

ती घाबरली नव्हती. ती रुसली होती. आयुष्यभर पोरांची रडणी ऐकलेल्या मला हा फरक कळतो. ज्या बाईला तिची आई यमदूत समजत होती, तिच्याशिवाय या पोरीला करमत नव्हतं. मी उठले, चाओ बाईकडून दिवा मागून घेतला आणि भरदिवसा पेटवून पेटीकडे गेले.

५

अंगणात कुणी नव्हतं. मी पेटीत वाकले आणि फळीच्या आतल्या बाजूला दिवा धरला.

बाई तिथं होती. एक हात दाराच्या झडपेवर, अर्धं अंग आत. चेहरा माझ्या तळहातापेक्षा लहान होता. किंचित खाली झुकलेली डावी पापणी, टोकदार हनुवटी, आणि बोलू की नको असा ओठ. रुइनियांग. जशीच्या तशी.

 चाओ बाईला ती ओळखीची का वाटली, थोरल्याला का नाही, सगळं लख्ख झालं. मानमानला तापात भूत दिसलं नव्हतं. तिनं आपल्या आईला ओळखलं होतं, एवढंच.

पण हे तर आणखी वाईट होतं. जिवंत बाईचा चेहरा मेलेल्याच्या पेटीवर कोरणं यालाच तर आमच्याकडे करणी म्हणतात. ही फळी कुणी फिरवून पाहिली तर गंगही जाणार आणि तिची अब्रूही. थोरल्या दिरानं न पाहिलेला चेहरा पाथरवटाला कसा ठाऊक, यावर गावानं काय काय म्हटलं असतं!

मी तडक कोठडीत गेले. गंगच्या गळ्यात लाकडी खोडा होता.

"गंगदादा, म्हातारपणी लोकांच्या सुनांची तोंडं कोरायला लागलास?"

त्यानं मान वर केली, तोंड वाकडं झालं आणि तो ढसाढसा रडला.

"तू पाहिलंस तर," तो म्हणाला. "तिआन, आईशप्पथ, ठरवून नाही केलं. नमुन्याच्या कागदावर दार असतं, कपडे असतात, हात असतो. तोंडाची जागा कोरी असते. तोंड ज्यानं त्यानं आपल्या हातानं काढायचं. मी जन्मभर एकच तोंड काढत आलो, नाक-डोळे असलेलं, कुणाचंच नसलेलं."

"मग या वेळी काय झालं?"

"मागच्या अंगणात कामाला होतो. रोज दुपारी ती स्वयंपाकघराचं दार जरासं उघडायची, पेज बाहेर ठेवायची, मी उचलतोय का ते बघायची आणि दार ओढून घ्यायची. त्या घरात माझ्याकडे बघणारं दुसरं माणूस नव्हतं. हात आपला चालत राहिला. मला कळलंच नाही. तिनं पोरीचं बोलणं सांगितलं तेव्हा डोक्यात वीज पडली. वाटलं, माझ्या हातानं पोरीला ताप आला. माझ्या हातानं तिच्या आईचं आयुष्य पेटीला बांधलं. मग मी कुठल्या तोंडानं म्हणू, माझी चूक नाही?"

"छिन्नी मारून तो चेहरा तेव्हाच का नाही उडवलास?"

"छिन्नी लावली होती," तो म्हणाला. "जिवंत माणसाच्या तोंडावर हातोडा मारता येईना."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. खोड्यामुळे दोन्ही जमलं नसतं.

फानांच्या अंगणात परत आले तेव्हा तिकाटणीखाली चुन्याची बादली होती. मी पाणी घालून चुना कालवला, पेटीत वाकले आणि त्या चेहऱ्यावर चोपडायला लागले. पापणी गेली, ओठ गेले, हनुवटी गेली. नवजात पोरांची तोंडं पुसणारे हात माझे, ते उलटंच काम करत होते, आणि मला फार वाईट वाटत होतं. शेवटी दारावरचा हात तेवढा राहिला.

मागं कुणीतरी खाकरलं. स्यु साहेब होते.

६

ते किती वेळ उभे होते मला माहीत नाही. त्यांनी फुटक्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग मी बाजूला सारलेल्या राखेकडे, मग चुन्यानं माखलेल्या माझ्या हातांकडे. पुस्तकं वाचलेला माणूस, त्याला जोडायला वेळ लागला नाही.

"मावशी, तू आत डोकावलीस?"

"हो साहेब."

"मला डोकावायला हवं का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. खोटं बोलायची तयारी होती, पण त्यांनी खरं विचारलं होतं.

"नको साहेब. डोकावलात तर तुम्हाला दोन माणसं मारावी लागतील, आणि तिसरं आपोआप मरेल. वय वर्षं चार."

 त्यांनी वाकून बाजूला सारलेली राख बोटांनी पुन्हा सारखी केली.

दफनाच्या दिवशी त्यांनी अंगणात सगळ्यांना उभं केलं. गंगला खोड्यासकट आणलं होतं. रुइनियांग बायकांच्या मागे उभी होती, आणि ती कुठल्याही क्षणी ओरडून सगळं सांगेल अशी मला भीती वाटत होती. मी तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं.

"राख रीतीप्रमाणे पसरली होती?" साहेबांनी थोरल्याला विचारलं.

"रीतीप्रमाणेच! माझ्या घरात सगळं रीतीनं होतं."

"पाऊल होतं?"

"एकही नाही. शपथेवर सांगतो."

"म्हणजे कुणी माणूस आला नव्हता. मग मी कुठल्या माणसाला फास देऊ?" साहेब मा ज्योतिष्यांकडे वळले. "का आत्मा परत आलाच नव्हता? तुम्ही काढलेला दिवस चुकला होता का?"

मा ज्योतिष्यांच्या कपाळावर घाम आला. "छे, छे! दिवस अचूक होता. नक्कीच आला होता."

"मग झालं तर. म्हातारेबुवा घरी आले, आत गेले आणि दार लावून घेतलं. घरी आल्यावर माणूस तेच करतो."

"पण साहेब," थोरला चिडून म्हणाला, "राख जर मागाहून कुणी..."

"राख तुमच्या घरच्या माणसानं पसरली," साहेब शांतपणे म्हणाले. "घराचे कर्ते तुम्ही. तुम्हाला तक्रार तुमच्याच घराविरुद्ध बदलून द्यायची आहे का? लिहून घेतो."

थोरल्यानं तोंड मिटलं. मागून त्याच्या आईचा आवाज आला, "त्यांना आधीपासून नुसतं दारच हवं होतं. शांतता हवी म्हणायचे." आणि त्या म्हातारीनं माझ्या दिशेनं आपले धुरकट डोळे क्षणभर रोखले. तिला किती दिसत होतं ते मला अजून कळलेलं नाही.

गंगच्या गळ्यातला खोडा काढला. लाकडी पेटी आत उतरली, झाकण त्यानंच चढवलं. दोर सोडताना त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदाही पाहिलं नाही. तो पुढे फक्त पायऱ्या आणि दळणाची जाती कोरत राहिला.

रुइनियांगला मी काही सांगितलं नाही. आपला चेहरा सासऱ्याबरोबर मातीत गेला, चुन्याखाली का होईना, हे कळून तिला झोप आली असती का? मला तर कितीतरी दिवस आली नाही.

दफनानंतर मी मानमानला बघायला गेले. ताप उतरला नव्हता, पण कमी होता. अंगण रिकामं झालं होतं. मी तिच्या उशाशी बसले होते तेवढ्यात खोलीला लागलेल्या स्वयंपाकघराचं दार जरासं उघडलं आणि रुइनियांग पेजेचा वाडगा घेऊन, पोरगी झोपलीय की जागी ते बघायला, अर्धी बाहेर डोकावली.

मानमान उठून बसली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा हसली.

"मावशीआजी, बघ!" ती म्हणाली. "दारातली आई आली परत."

रुइनियांग तिथंच थिजली. तिनं दारावरच्या आपल्या हाताकडे पाहिलं, उंबरठ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेरच्या रिकाम्या अंगणाकडे. 

"मावशी," ती अगदी हळू म्हणाली, "ती मी होते?"

 पोरीनं दोन्ही हात पुढं केले होते.

"पेज निवतेय," मी म्हटलं. "आत ये. दार उघडंच राहू दे."